क्रीडांगणावरील साधक : कै. बाळू पालवणकर आणि मुंबईचे चौरंगी सामने

समाजाच्या वार्षिक अंकात एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, ही प्रथा स्तुत्य आहे. संतांची, समाजसुधारकांची व विद्वानांची चरित्रे आपल्या घरोघरी वाचली जातात. खेळाडूचे चरित्र मात्र आपण सहसा लिहीत नाही. खेळ म्हणजे वेळ दवडणे, अशी समजूत आपल्या वडीलधाऱ्यांत फार दिवस रुजलेली होती. पोटाची चिंता ज्यांच्या पाठीशी सदैव उभी, त्यांनी खेळाकडे साशंकतेने पाहावे यात नवल नाही. परंतु आपल्याच चर्मकार समाजातील एका पुरुषाने केवळ चेंडूच्या बळावर अशी काही कामगिरी केली, की जिची नोंद हिंदुस्थानच्या सामाजिक इतिहासाला घ्यावी लागली. त्या पुरुषाचे नाव बाळू पालवणकर. रावेर तालुक्यातील आमच्या कुटुंबांतील मुलामुलींना हे नाव ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने आम्ही ही हकीकत येथे सादर करीत आहोत.

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, म्हणून आडनाव पालवणकर. वडील लष्कराच्या नोकरीत होते. त्या काळी आपल्या समाजातील ज्या थोड्या कुटुंबांना गावगाड्याच्या बंधनातून बाहेर पडता आले, त्यांना ती वाट बहुधा लष्करानेच दाखविली. छावणीतील जीवनामुळे चार अक्षरांची ओळख होई, महिन्याचा पगार हाती येई आणि साहेबांचे खेळही दृष्टीस पडत. पुण्यास आल्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम यांनी गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेटचे पहिले धडे गिरविले. त्यांना शिकविणारा गुरू कोणी नव्हता. पाहावे, करून पाहावे आणि चुकले तर पुन्हा करावे, हीच त्यांची शाळा होती.

संसाराला हातभार लावण्यासाठी बाळू यांना शाळा लवकर सोडावी लागली. पुण्यातील एका पारशी क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रूळ फिरविणे हे काम त्यांना मिळाले. वेतन दरमहा तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे चार रुपये मिळू लागले. खेळपट्टी तयार करणे, सरावाची जाळी उभारणे आणि गरज पडेल तेव्हा टेनिसच्या मैदानावर रेषा आखणे, ही कामे त्यांच्याकडे होती. साहेब लोकांना फलंदाजीचा सराव हवा असे व त्यासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा लागे. अशा रीतीने मैदानाची निगा राखणारा हा तरुण गोलंदाज बनला.

बाळू डाव्या हाताने संथ गोलंदाजी करीत. चेंडू दोन्ही बाजूंना वळविण्याची हातोटी, उंची कमीजास्त करून फलंदाजाला चकविण्याची कला आणि टप्प्यावरील विलक्षण ताबा, हे त्यांचे विशेष होते. त्या काळचे नामांकित फलंदाज कॅप्टन ग्रेग हे रोज सर्वांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. ग्रेगसाहेब बाद झाले की बाळूंना आठ आणे बक्षीस मिळे, अशी हकीकत सांगितली जाते. ती खरी असेल तर महिन्यातून आठ वेळा त्यांना बाद केले म्हणजे वेतनाइतकीच कमाई होई. मात्र त्या क्लबात बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट कधीच देण्यात आली नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम आणि बॅट चालविणे हा धन्याचा मान, अशी ती विभागणी होती. सुज्ञ वाचकांना ही विभागणी ओळखीची वाटेल.

बाळूंच्या कौशल्याची वार्ता पुण्यातील हिंदू क्लबापर्यंत पोहोचली. युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज आपल्याकडे हवा, हे सर्वांना कळत होते. परंतु तो अस्पृश्य जातीचा होता. सभासदांत दोन तट पडले. काही तेलुगू सभासद त्यांना घ्यावे या मताचे होते, तर काही ब्राह्मण सभासदांचा विरोध होता. अखेर विजयाची इच्छा विटाळाच्या भयाहून प्रबळ ठरली आणि बाळू संघात आले. मैदानावर ते ज्या चेंडूला स्पर्श करीत त्याच चेंडूला सर्वजण स्पर्श करीत. परंतु चहाची वेळ झाली की चित्र पालटे. इतर खेळाडूंना आत पेल्यातून चहा मिळे. बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट वेगळे मांडले जाई. हातपाय धुण्यासाठी पाणीही कोणी खालच्या मानलेल्या जातीचा नोकर आणून घाली. वर्णभेदाने फलंदाजी नाकारली आणि जातिभेदाने पंगत नाकारली, असा हा दुहेरी अनुभव त्यांनी ऐन तारुण्यात सोसला.

याच काळात सातारच्या युरोपियन जिमखान्याशी पुण्याच्या हिंदूंचा सामना झाला. बाळूंच्या फिरकीला दाद मिळू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरविला होता, तरीही बाळूंनी सात बळी घेतले. पुण्यास परतल्यावर त्यांचा सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना जाहीरपणे गौरविले आणि ज्याच्यासह खेळता त्याच्यासह खाण्यापिण्यास का कचरता, अशा आशयाचा बोध आपल्या सहकाऱ्यांना केला. लोकमान्य टिळकांनीही अशाच एका समारंभात त्यांचा गौरव केला. एरवी अनेक बाबतींत ज्यांचे जमत नसे, अशा त्या दोन नेत्यांनी एका चर्मकार तरुणाच्या कौतुकात सहभागी व्हावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती.

१८९६ साली पुण्यास प्लेगचा कहर सुरू झाला तेव्हा पालवणकर कुटुंब मुंबईस गेले. तेथे बाळू परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले आणि बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. आमच्या वाचकांना त्या काळच्या मुंबईतील सामन्यांची थोडी माहिती देणे येथे अगत्याचे आहे. १८९२ पासून पारशी व युरोपियन यांच्यात दरवर्षी प्रेसिडेन्सी सामने होत. १९०७ साली हिंदू त्यांत सामील झाले व सामने तिरंगी झाले. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला व चौरंगी झाले. १९३७ साली ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, यहुदी इत्यादींचा पाचवा संघ मिळून पंचरंगी सामने सुरू झाले. हजारो प्रेक्षक लोटत, कचेऱ्या ओस पडत व दूरदूरच्या गावांतील वाचक वर्तमानपत्रांतून आकडे वाचीत. देशात दुसरा कोणताही सामना इतका लोकप्रिय नव्हता.

हिंदूंना या सामन्यांत मानाचे स्थान मिळाले ते फेब्रुवारी १९०६ मधील विजयामुळे. मुंबईत युरोपियनांशी झालेल्या त्या सामन्यात हिंदूंनी २४२ व १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धावांत आटोपले. हिंदू १०९ धावांनी विजयी झाले. बाळू व शिवराम हे दोघेही बंधू त्या संघात होते आणि युरोपियनांचा संघ गुंडाळण्यात बाळूंचा वाटा मोठा होता. मुंबईच्या जिमखान्यात पुण्याप्रमाणे वेगळी पंगत राहिली नव्हती, ही गोष्टही सुधारक पत्रांनी आवर्जून नोंदविली. बंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस होते. गोऱ्यांना त्यांच्याच खेळात नमविल्याचा आनंद देशभर पसरला आणि त्या आनंदाचे एक कारण आपल्या समाजाचा पुत्र होता.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा पहिला सर्वजातीय संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा पस्तिशीला आले होते, खांदाही पूर्ववत राहिला नव्हता. संघाच्या वाट्याला पराजयच अधिक आले. बाळूंनी मात्र साऱ्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळविले. लीस्टरशायरविरुद्धच्या विजयात त्यांनी अकरा बळी घेतले, तर सॉमरसेटविरुद्धच्या विजयात शिवराम यांनी नाबाद शतक केले. इंग्लंडमधील काउंटी संघांनी त्यांना नोकरीवर ठेवून घ्यावे, इतकी त्यांची तोलाई झाली. परत आल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा जाहीर सत्कार केला. त्या वेळी ऐन विशीत असलेल्या भीमराव आंबेडकरांना बाळूंविषयी मोठा आदर होता व पुढेही अनेक वर्षे ते त्यांच्या कर्तृत्वाचा अभिमानाने उल्लेख करीत.

आता आम्ही या चरित्रातील सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाकडे वळतो. शिवराम, गणपत व विठ्ठल हे तिघे बंधूही हिंदू संघात खेळू लागले होते. चार भावांच्या खांद्यावर संघ उभा होता, तरी कर्णधारपद पालवणकरांच्या घरी येत नव्हते. वर्षामागून वर्षे गेली. अनुभवाने व गुणाने बाळूंहून कमी असलेले लोक नायक झाले. कर्णधार एम. डी. पै यांनी हा मान वस्तुतः बाळूंचा आहे, असे जाहीरपणे कबूल केले होते. पण निवड समितीला ते मानवत नव्हते. १९२० साली सामने भरले. पै आजारी होते. बाळूंना संघातूनच वगळण्यात आले आणि नेतृत्व शिवराम व विठ्ठल यांना डावलून दुसऱ्याकडे गेले. तेव्हा त्या दोघा बंधूंनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर पत्रक काढून सांगितले, की नेतृत्व गुणावर दिले जावे, जातीवर नव्हे. त्यांनी अपशब्द वापरला नाही की विनवणीही केली नाही. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. अंतिम सामन्यापूर्वी तडजोड झाली. बंधू परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार नेमले गेले आणि पै मैदानाबाहेर गेले असता काही वेळ बाळूंनी हिंदू संघाचे नेतृत्व केले. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या पुरुषाला एवढाच मान मिळाला.

त्याचे फळ धाकट्या भावाला मिळाले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी सामना जिंकला. ज्याच्या थोरल्या भावाला मातीच्या भांड्यात चहा दिला गेला, त्याला लोकांनी खांद्यावर घेऊन मिरविले. विठ्ठल यांनी पुढे आपल्या क्रीडाजीवनावर मराठीत पुस्तकही लिहिले. आम्ही येथे एकच गोष्ट नमूद करतो. एका पिढीने सोसावे आणि दुसरीने चाखावे, हा नियम आपल्या प्रत्येक कुटुंबात दिसतो. पहिल्या पिढीचे स्मरण ठेवणे हे दुसरीचे कर्तव्य होय.

क्रीडाजीवनानंतर बाळू राजकारणात ओढले गेले. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांचा प्रश्न उभा राहिला असता ते संयुक्त मतदारसंघांच्या बाजूचे होते. त्या वर्षी २४ सप्टेंबरला झालेल्या पुणे करारावर त्यांची सही आहे. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या शेजारच्या फैजपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत, काँग्रेसने मुंबईत बाळूंना खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोघांचेही मार्ग भिन्न, पण दोघांचाही रोख अस्पृश्यतेवरच होता. एकाने कायद्याच्या व संघटनेच्या बळावर हक्क मागितला. दुसऱ्याची श्रद्धा अशी, की सहवासातून मने बदलतील. आमच्या मते इतिहासाने पहिल्या मार्गाची थोरवी सिद्ध केली आहे. बाळूंचा स्वतःचा अनुभवही तेच सांगतो : केवळ सहवासाने त्यांना कर्णधारपद मिळाले नाही, भावांनी एकजुटीने नकार दिला तेव्हाच दार किलकिले झाले. परंतु तेवढ्यावरून त्यांच्या हेतूविषयी शंका घेणे अन्यायाचे होईल.

ज्या सामन्यांनी त्यांना कीर्ती दिली, ते सामनेही पुढे राहिले नाहीत. १९३० ते १९३३ या काळात कायदेभंगाच्या चळवळीमुळे ते भरले नाहीत. १९४० साली गांधीजींनी धर्मवार संघांच्या या पद्धतीविरुद्ध मत दिले. प्रांतवार संघांची रणजी करंडक स्पर्धा १९३४ पासून सुरू झालीच होती. १९४६ साली पंचरंगी सामने कायमचे बंद झाले. धर्माच्या नावाने संघ पाडणारी स्पर्धा गेली हे योग्यच झाले. तरीही, तिच्याच मैदानावर हिंदू समाजाला आपल्या पोटातील भेदाचा जाब द्यावा लागला, हे विसरता येत नाही.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत. हिंदुस्थान पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला तेव्हा त्यांचे वय छप्पन्न होते, म्हणून कसोटीपटूंच्या यादीत त्यांचे नाव नाही.

रावेरच्या परिसरात केळीच्या बागांच्या कडेला, शाळेच्या पटांगणात, आपली मुले हाती मिळेल त्या फळीने क्रिकेट खेळतात. पालकांना आमची नम्र विनंती आहे, की अभ्यास सांभाळून खेळणाऱ्या मुलास रागे भरू नये, मुलींनाही मैदानापासून दूर ठेवू नये आणि सुटीच्या एखाद्या सायंकाळी त्यांना ही कथा सांगावी. तीन रुपयांवर रूळ ओढणाऱ्या हातांनी जे मिळविले ते कोणाच्या कृपेने मिळाले नव्हते. ते रोजच्या सरावाने आणि ताठ मानेने मिळाले, एवढे आपल्या मुलांच्या मनावर ठसले तर आमच्या या लेखाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.