सर व्हिक्टर हॉर्स्ली

व्हिक्टर हॉर्स्ली यांचा जन्म १८५७ साली लंडन येथे झाला. मज्जारज्जूवरील गाठ म्हणजे त्या काळी असाध्य व्याधी. १८८७ मध्ये पाय लुळे पडलेल्या एका रुग्णाच्या गाठीचे स्थान डॉ. गॉवर्स यांनी केवळ लक्षणांवरून ताडले. ९ जून रोजी हॉर्स्लींनी शस्त्रक्रिया केली. परंतु गाठ दिसेना. मणक्याचे आणखी थोडे हाड वरच्या बाजूस काढताच ती सापडली. रुग्ण पुन्हा चालू लागला! आज मज्जारज्जूतील चरबीची गाठ एमआरआयवर आधीच दिसते; नसांत गुंतलेला तिचा अंश मात्र शल्यविशारद सहसा काढीत नाहीत. मराठा पलटणी लढल्या त्या मेसोपोटेमियात सैनिकांची सेवा करीत असता १९१६ साली हॉर्स्ली निवर्तले. विद्यार्थिमित्रांनो, निराशेच्या क्षणीही शोध न सोडणारी त्यांची चिकाटी आम्हांस विद्वत्तेहून थोर वाटते.