घाटातल्या वळणांचा बादशहा! आजारी असतानाही फेरारी पळवणारे ताझिओ नुव्होलारी कोण होते?

इटलीत फ्लॉरेन्सहून बोलोन्याला जाताना फुता आणि रातिकोसा हे घाट लागतात. आज तिथे हौशी पर्यटक स्पोर्ट्स कार घेऊन जातात. १९४८ मध्ये याच घाटांतून ५५ वर्षांचे नुव्होलारी ‘मिले मिलिया’ शर्यतीत आघाडीवर होते.

कोण होते नुव्होलारी?
१८९२ मध्ये मांतुआजवळच्या कास्तेल दारिओत जन्म. आधी मोटारसायकल, मग कार. १९३० ची मिले मिलिया त्यांनी ताशी १०० किमीहून अधिक सरासरीने जिंकली. असं करणारे ते पहिलेच.

त्यांचं तंत्र काय होतं?
वळणाआधीच स्टिअरिंग फिरवून ते चारही चाकं घसरू देत आणि अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी सावरत. त्यामुळे वळणात वेग फारसा पडत नसे. १९३५ मध्ये डोंगराळ नुरबर्गरिंगवर त्यांच्या जुन्या अल्फा रोमिओने जास्त ताकदीच्या जर्मन गाड्यांना हरवलं.

१९४८ मध्ये काय घडलं?
तोवर दोन्ही मुलं ऐन तारुण्यात गेली होती. फुफ्फुसं साथ देत नव्हती. शर्यतीत फेरारीचं मडगार्ड आणि बॉनेट गेलं, सीट सैल झाली. तरी ते थांबले नाहीत. घाट संपल्यावर रेज्जो एमिलियाजवळ मागच्या स्प्रिंगचा जोड तुटला आणि शर्यत सुटली.

शेवटची शर्यत कोणती?
तीही डोंगरातलीच! १९५० मध्ये सिसिलीतल्या मोंते पेल्लेग्रिनोच्या चढणीवर ते आपल्या गटात पहिले आले. आयुष्यभर मरणाशी खेळलेल्या नुव्होलारींचं ११ ऑगस्ट १९५३ रोजी मांतुआत आजारपणाने निधन झालं.