कडा चढणारा तानाजी मालुसरे

(इयत्ता ४ थी)

तानाजी मालुसरे हे नाव ऐकले नाही असा एकही मुलगा किंवा मुलगी आपल्या शाळेत सापडणार नाही. पण तानाजी कसा लढला हेच सगळे सांगतात. तो आणि त्याचे मावळे कडा कसे चढले हे कोणी नीट सांगत नाही. आधी कडा चढले म्हणून तर लढता आले. मला कड्याचेच जास्त नवल वाटते. म्हणून मी कड्याविषयी जास्त लिहिणार आहे.

तानाजी हा कोकणातल्या उमरठ गावी राहणारा. हे गाव आता रायगड जिल्ह्यात पोलादपूर तालुक्यात येते. त्याला सूर्याजी नावाचा भाऊ होता आणि रायबा नावाचा मुलगा होता. शेलारमामा हे त्याचे मामा. ते ऐंशी वर्षांचे होते असे सांगतात. तानाजी हा शिवाजी महाराजांचा जुना सवंगडी. उमरठच्या आजूबाजूला सगळा सह्याद्रीचा डोंगर. आपल्या इकडे वावरात उभे राहिले तर लांबपर्यंत पऱ्हाटी आणि तुरीच दिसतात. तिकडे घराच्या मागेच डोंगर उभा असतो. गुरे चारायला जायचे तरी चढायचे आणि पाणी आणायचे तरी उतरायचे. तिथल्या माणसांना चढणे शिकवावे लागत नाही.

कोंढाण्याच्या आधीची एक गोष्ट मला फार आवडते. १६६१ साली संगमेश्वरला तानाजी आपल्या सैन्यासह होता. रात्री अचानक शृंगारपूरच्या सुर्व्यांनी हल्ला केला. सगळीकडे गोंधळ झाला. तानाजीसोबत पिलाजी नावाचा एक सरदार होता. तो घाबरून पळून राहिला होता. तानाजीने त्याला पकडले आणि चक्क दोराने मोठ्या दगडाला बांधून टाकले. मग स्वतः पुन्हा लढायला गेला आणि शत्रूला हाकलून दिले. पिलाजी बिचारा तिथे बांधलेला सगळे पाहत बसला असेल. हे वाचून आमचा वर्ग खूप हसला. तानाजीच्या गोष्टीत दोर असा आधीपासूनच आहे.

आता कोंढाण्याकडे येऊ. १६६५ साली मोगलांचा सरदार मिर्झाराजे जयसिंग मोठी फौज घेऊन आला. तेव्हा पुरंदरचा तह झाला. त्या तहात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. त्यांत कोंढाणाही गेला. हा किल्ला पुण्याच्या जवळ आहे. त्याच्यावरून चहूकडचा मुलूख दिसतो. तो दुसऱ्याच्या हातात असला म्हणजे आपल्या अंगणात दुसऱ्याने खाट टाकून बसल्यासारखे. पुढे १६७० साली महाराजांनी गेलेले किल्ले परत घ्यायचे ठरवले. तेव्हा महाराज आणि जिजामाता राजगडावर होत्या. जिजामातांच्या मनात कोंढाणा सलत होता असे सांगतात.

तेव्हा तानाजीच्या घरी रायबाचे लग्न ठरले होते. पोवाड्यात सांगतात की तानाजी लग्नाचे आमंत्रण द्यायला महाराजांकडे गेला आणि तिथे कोंढाण्याचे कळले. मग त्याने लग्न मागे ठेवले आणि आधी किल्ला घ्यायला निघाला. मला रायबाचे वाईट वाटते. घरात मांडवाची तयारी आणि बाबा निघाले लढाईला. त्याला काय वाटले हे कोणत्याच पुस्तकात नाही.

कोंढाण्यावर उदेभान राठोड हा किल्लेदार होता. तो रजपूत होता आणि मोठा शूर होता. त्याच्याकडे माणसे पण पुष्कळ होती. किल्ल्याला दोन मोठे दरवाजे आहेत, पुणे दरवाजा आणि कल्याण दरवाजा. दोन्हीकडे पहारा. पण एका बाजूला उंच सरळ कडा होता. तिकडून माणूस येईल असे कोणाला वाटलेच नव्हते, म्हणून तिथे फारसे लक्ष नव्हते. तानाजीने तीच बाजू निवडली.

तो दिवस ४ फेब्रुवारी १६७०. मराठी तिथी माघ वद्य नवमी. आम्ही वर्गात चंद्राचे निरीक्षण केले होते. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. म्हणजे रात्रीच्या पहिल्या भागात काळोखच होता. मशाल लावता येत नाही, कारण वरून दिसेल. बोलता येत नाही. पाठीवर ढाल आणि कमरेला तलवार, ती दगडावर आपटली तर आवाज होईल. अशा वेळी कडा हाताने चाचपतच चढायचा. बाईंनी सांगितले की कडा चढणारे लोक एका वेळी एकच हात किंवा एकच पाय हलवतात, बाकीचे तीन घट्ट टेकलेले ठेवतात. मी शाळेमागच्या दगडांवर असे करून पाहिले. फार हळू जाता येते. आणि मी तर उन्हात करून पाहिले.

सिंहगडाचा कडा काळ्या पाषाणाचा आहे. हा पाषाण ज्वालामुखीच्या रसापासून झाला, त्याला बसाल्ट म्हणतात. आपल्या गावातल्या विहिरींत लागतो तोच. त्याला उभ्या आडव्या भेगा असतात. भेगेत बोटे घालता येतात. पण माघ महिन्यात कड्यावरचे गवत वाळलेले असते आणि वाळल्या गवतावरून पाय सटकतो.

आता सर्वांना घोरपडीची गोष्ट आठवली असेल. पोवाड्यात सांगतात की तानाजीजवळ यशवंती नावाची घोरपड होती. तिच्या कमरेला दोर बांधून तिला कड्यावर सोडले आणि तो दोर धरून मावळे चढले. माझ्या आजीला ही गोष्ट फार आवडते. पण सभासदाची बखर म्हणून एक जुने पुस्तक आहे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी ते १६९७ च्या सुमारास लिहिले, म्हणजे लढाईनंतर सत्तावीस वर्षांनी. त्यात घोरपड नाही. त्यात लिहिले आहे की तानाजीने दोन चांगले मावळे निवडले. ते रात्री वानरासारखे कडा चढून वर गेले. त्यांनी वरून माळ सोडली, म्हणजे दोराची शिडी. मग बाकीचे लोक आणि तानाजी चढले. असे तीनशे लोक वर गेले.

मला ही गोष्ट घोरपडीपेक्षा चांगली वाटते. काहून ते सांगते. माझे बाबा विहिरी खोदायच्या कामावर जातात. ते दोराला धरून खाली उतरतात. बाबा म्हणतात की दोर चांगला आहे एवढ्याने होत नाही, तो कशाला बांधला आहे ते आधी पाहावे लागते. ते गाठ मारली की स्वतः तिला लटकून पाहतात, मगच दुसऱ्याला उतरू देतात. घोरपडीला गाठ ओढून पाहता येत नाही. वर माणूसच पाहिजे, ज्याने दोर पक्क्या जागी बांधला आणि ओढून पाहिला. त्या दोन मावळ्यांना वर जाताना कोणाचाच दोर नव्हता. ते पडले असते तर खालच्यांना ओरडूनही सांगता आले नसते. आणि त्यांची नावे त्या बखरीत लिहिलेली नाहीत. घोरपडीचे नाव सगळ्यांना पाठ आहे.

आजी म्हणते तुझे बाबा पण खरे आणि माझी यशवंती पण खरी. मी आजीशी वाद घातला नाही.

तीनशे लोक चढायला किती वेळ लागला असेल याचे मी गणित केले. एकच शिडी असेल आणि एका माणसाला एक मिनिट लागले तरी तीनशे मिनिटे होतात. म्हणजे पाच तास. म्हणून मला वाटते की एकापेक्षा जास्त दोर असतील आणि एकाच्या मागे एक असे लोक चढून राहिले असतील. वर पोचलेल्यांना तेवढा वेळ शत्रूच्या किल्ल्यात गवतात पडून गप्प राहावे लागले असेल. आमच्या वर्गाला प्रार्थनेच्या वेळी दोन मिनिटे गप्प राहता येत नाही.

पण शेवटी पहारेकऱ्यांना चाहूल लागलीच. मोठी लढाई झाली. तानाजी आणि उदेभान समोरासमोर आले. तानाजीची ढाल तुटली. दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्याने डाव्या हाताला शेला गुंडाळला आणि हाताचीच ढाल केली, असे सांगतात.

याच्याविषयी मला थोडे लिहायचे आहे. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीला आमच्या वर्गाने नाटक केले, ते पुष्कळ पालकांनी पाहिले. त्याच्या फेट्यांचे आणि शेल्याचे कापड माझ्या मामाने नागपूरहून आणले. मामा गांधीबागेत कापडाच्या दुकानात कामाला आहे. गांधीबाग म्हणजे कापडाचा ठोक बाजार. दुकानात छतापर्यंत थाने रचलेली असतात. वरचे थान काढायचे असले की मामा फळीवर पाय देत सरसर वर जातो. तिथून पायी महालात गेले की गांधी गेटजवळ शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, तो मामाने मला दाखवला. तर आम्ही त्या कापडाचा शेला दादाच्या हाताला घट्ट गुंडाळला आणि मी लाकडाच्या तलवारीने हळूच मारले. दादा म्हणाला की लागते. लाकडाची तलवार आणि हळू मारूनसुद्धा लागते. तानाजीच्या हातावर खऱ्या तलवारीचे घाव पडले होते.

नाटकात तानाजी व्हायला सगळेच तयार होते. कडा चढणारे पहिले दोघे व्हायला कोणी तयार नव्हते, कारण त्यांना बोलायला काहीच नाही. मी झाले आणि माझी मैत्रीण झाली.

लढता लढता तानाजी पडला. उदेभानही मारला गेला. आपला नायक पडला हे पाहून मावळे घाबरले. ते आले होते त्या कड्याकडे परत पळू लागले. तेवढ्यात सूर्याजी आडवा आला. त्याने कड्यावरचे दोर कापून टाकले आणि सांगितले की आता मागे रस्ता नाही, उडी मारून मरा नाहीतर लढा. मग मावळे वळले आणि असे लढले की किल्ला घेतलाच. दोर कापणे म्हणजे काय हे आमच्या घरी लवकर समजते. बाबांचा दोर थोडा जरी झिजलेला दिसला तरी आई त्यांना कामावर जाऊ देत नाही. आणि सूर्याजीने तर आपल्या हाताने कापला. तेव्हा त्याचा भाऊ तिथेच पडलेला होता. सूर्याजीला रडायला सुद्धा वेळ मिळाला नाही.

किल्ला जिंकल्याची खूण म्हणून मावळ्यांनी गडावरच्या गवताच्या घरांना आग लावली. तो उजेड महाराजांना राजगडावरून दिसला. महाराजांना वाटले, तानाजीने काम केले. पण तानाजी गेल्याचे त्या उजेडावरून कसे कळणार? ते नंतर निरोप आल्यावर कळले. तेव्हा महाराजांना फार दुःख झाले. एक गड मिळाला, पण दुसरा गड गेला असे त्यांना वाटले, कारण तानाजी हाच त्यांचा एक गड होता.

तानाजीच्या पराक्रमामुळे महाराजांनी कोंढाण्याला सिंहगड असे नाव दिले असे आपण ऐकतो. पण बाईंनी सांगितले की १६६३ सालच्या महाराजांच्या पत्रातही सिंहगड हे नाव आहे. म्हणजे नाव आधीचेच आहे. मला वाटते की नाव आधीचे असले तरी लोकांच्या तोंडी ते तानाजीमुळेच बसले.

तानाजीला त्याच्या गावी उमरठला नेले. सिंहगडावरून मढे घाटाने नेले, म्हणून त्या घाटाला ते नाव पडले असे तिकडचे लोक सांगतात. ज्या घरात लग्नाची तयारी होती तिथे तानाजी असा परत आला. पुढे महाराजांनी रायबाचे लग्न लावून दिले असे सांगतात. उमरठला तानाजीची समाधी आहे. सिंहगडावरही त्याचे स्मारक आहे.

आमच्या बाई सिंहगडावर जाऊन आल्या आहेत. पुण्याचे पुष्कळ लोक सुट्टीच्या दिवशी पहाटे पायवाटेने गड चढतात, वर गेल्यावर पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही खातात. ज्या बाजूने मावळे चढले तिला तानाजी कडा म्हणतात. बाई कड्याच्या टोकाजवळ पोटावर झोपून खाली पाहून आल्या. त्यांना खालची झाडे पालकाच्या जुडीएवढी दिसली. मी त्यांना विचारले की दोर बांधायला तिथे झाड आहे की दगड. बाईंनी ते पाहिले नव्हते. पुढच्या वेळी गेल्यावर त्या पाहून येणार आहेत आणि आम्हाला सांगणार आहेत.