नागपूरच्या शाळेत क्रिकेट खेळणारा पोरगा भारताचा पहिला टेस्ट कॅप्टन झाला

दिग्रसच्या एखाद्या शाळेची टीम तालुका जिंकली की यवतमाळला जाते. जिल्हा मारला की अमरावती विभाग आणि तिथून पुढे राज्य. शालेय स्पर्धांचा सीझन दरवर्षी असाच चालतो. आणि दरवर्षी पोरांच्या मनात एकच धाकधूक असते, मोठ्या शहरातल्या टीमपुढे आपला निभाव लागेल का?

याचं उत्तर आपल्याच विदर्भातल्या एका पोराने शंभर वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. त्याचं नाव कोट्टारी कनकैया, म्हणजेच सी. के. नायडू.

३१ ऑक्टोबर १८९५ ला नागपुरात त्यांचा जन्म झाला. घर तेलुगू, वडील इंग्लंडमध्ये शिकलेले वकील. सातव्या वर्षीच सीके शाळेच्या टीममध्ये आले, असं सांगितलं जातं.

तेव्हा क्रिकेटची पंढरी होती मुंबई. १९१६ मध्ये तिथल्या चौरंगी स्पर्धेत ते हिंदूंकडून युरोपियनांविरुद्ध उतरले. सात विकेट पडल्या होत्या. त्यांनी तीन बॉल शांतपणे अडवले आणि चौथ्यावर थेट सिक्स मारला.

१९२३ मध्ये होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून सैन्यात हुद्दा दिला. १९२६ ला इंग्लंडहून एमसीसीची टीम आली. बॉम्बे जिमखान्यावर सीकेंनी दोन तासांच्या आत १५३ रन ठोकले. त्यात ११ सिक्स होते!

पण एक अडचण होती. क्रिकेट राजेरजवाड्यांच्या पैशावर चालायचं, त्यामुळे कॅप्टनही त्यांच्यातलाच व्हायचा.

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यावर पोरबंदरचे महाराज कॅप्टन होते. आपला खेळ तेवढा नाही हे ओळखून ते बाजूला झाले. २५ जूनला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या टेस्टमध्ये टीम घेऊन उतरले ते सीके. फिल्डिंग करताना हाताला मार बसला, तरी पहिल्या डावात भारताकडून सर्वाधिक ४० रन त्यांचेच. मॅच आपण हरलो, पण दौऱ्यात त्यांनी फर्स्ट क्लास सामन्यांत १६१८ रन आणि ६५ विकेट काढल्या.

१९३६ ला मात्र कॅप्टनपद विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेलं. चाळिशीतले सीके त्यांच्या हाताखाली खेळले. ओव्हलच्या शेवटच्या टेस्टमध्ये त्यांनी ८१ रन काढले. त्यांच्या टेस्ट करिअरमधला हाच सर्वाधिक स्कोअर.

तिथून पुढे त्यांनी होळकर संघाला चार वेळा रणजी जिंकून दिली. १९५६ ला पद्मभूषण मिळालं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, शेवटच्या रणजी मॅचमध्येही ५२ रन केले. १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरमध्ये त्यांचं निधन झालं.

आज २३ वर्षांखालील पोरांची राष्ट्रीय स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते. विदर्भाची टीमही त्यात खेळते. दिग्रसच्या पोरासाठीही तिथवरचा रस्ता शाळेच्या ग्राउंडवरूनच सुरू होतो.