कान्होजी आंग्रे
कान्होजी आंग्रे (इ.स. १६६९ – ४ जुलै, इ.स. १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल होते. मुंबई बंदराच्या दक्षिणेस असलेले खांदेरी बेट व त्यावरील दीपगृह आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

जीवन

कान्होजींचे वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. सिधोजी गुजर यांच्यानंतर इ.स. १६९८ मध्ये कान्होजी सरखेल झाले. इ.स. १७१४ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने ते ताराबाईंचा पक्ष सोडून छत्रपती शाहूंना मिळाले. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांना त्यांचे दस्तक घ्यावे लागे. ते नसलेली जहाजे पकडली जात. इंग्रजांनी हा अधिकार अमान्य करून त्यांना चाचा ठरवले. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात इंग्रजांनी इ.स. १७१८ मध्ये खांदेरीवर, तर इ.स. १७२१ मध्ये पोर्तुगिजांसह कुलाबा किल्ल्यावर चढाई केली. दोन्ही मोहिमा फसल्या. कान्होजींची समाधी अलिबाग येथे आहे.

खांदेरी व दीपगृह

खांदेरीवरील तटबंदीचे काम शिवाजी महाराजांनी इ.स. १६७९ मध्ये सुरू केले. बंदरात शिरणाऱ्या जहाजांवर येथून नजर ठेवता येई. त्याच कारणाने ब्रिटिश राजवटीत, इ.स. १८६७ मध्ये, येथे दीपगृह उभारले गेले. प्रत्येक दीपगृहाचा प्रकाश ठरावीक क्रमाने चमकतो. त्यावरून खलाशी रात्री आपले स्थान ओळखतात. इ.स. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदराकडे जाणारी जहाजेही मुंबई बंदराच्या मुखातूनच आत येतात. इ.स. १९९८ मध्ये बेटाला कान्होजींचे नाव देण्यात आले.