रानडुकरासाठी हँडगनची गोळी कोणती? एल्मर कीथ यांचं आयुष्य आणि एक साधं गणित

बीजीएमआय खेळताना ९ एमएमची पिस्तूल घ्यायची की .४५ एसीपीची, यावर आपण तासन्‌तास वाद घालतो. गेममध्ये प्रत्येक बंदुकीचा डॅमेज ठरलेला असतो, म्हणून निवड सोपी. खऱ्या काडतुसाचं तसं नाही. एका आकड्यावरून काहीच कळत नाही. हे ज्या माणसाने आयुष्यभर प्रयोग करून दाखवलं, त्याची गोष्ट आज बघू. नाव एल्मर कीथ. मी बीड जिल्ह्यातला, त्यामुळे शेवटी आपल्या रानडुकरांवरही येणारच आहे.

जळालेला हात

कीथ यांचा जन्म १८९९ चा, अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातला. कुटुंब पुढे मोंटाना राज्यात गेलं. तिथे बारा वर्षांचे असताना राहत्या इमारतीला आग लागली आणि ते भयंकर भाजले. डावा हात वाकडा होऊन आखडला. शेवटी घरच्यांनीच तो हात मोडून पुन्हा सरळ बसवला. याच हातांनी पुढे त्यांनी गुरं राखली, घोडे हाकले आणि शिकाऱ्यांना डोंगरात वाट दाखवण्याचं काम केलं. डोंगरात दर वेळी रायफल हातात असेलच असं नाही, कमरेची रिव्हॉल्वर मात्र कायम सोबत. तिच्या काडतुसात मोठं जनावर पाडायची ताकद हवी, हा ध्यास त्यांना तिथूनच लागला.

१९२५ चा स्फोट

आधी थोडं बेसिक. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी केस, मागचा प्राइमर, आतली दारू आणि पुढची गोळी. कीथ स्वतः काडतुसं भरायचे. १९२५ मध्ये .४५ कोल्टमध्ये जड गोळी आणि जास्तीची दारू वापरताना त्यांच्या रिव्हॉल्वरचं सिलिंडरच फुटलं. जीव वाचला.

आता इंजिनिअरच्या नजरेने बघा. सिलिंडर बाहेरून तेवढंच, पण .४५ साठी भोकं मोठी पाडावी लागतात, म्हणजे मधल्या भिंती पातळ होतात. भोक थोडं लहान केलं की भिंत जाड राहते आणि जास्त दाब सोसते. म्हणून कीथ .४४ स्पेशलकडे वळले. हे काडतूस १९०७ पासून बाजारात होतं, पण कारखाने ते फार सौम्य भरायचे. साधारण २४६ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला ७५५ फूट. कीथ यांनी २५० ग्रेनच्या गोळीला सुमारे १२०० फुटांपर्यंत नेलं. (१ ग्रेन म्हणजे जवळपास ०.०६५ ग्रॅम.)

गोळीचं तोंड चपटं का?

माझ्या मते कीथ यांचं खरं काम हेच. गोल तोंडाची गोळी मांस बाजूला सारत जाते, मागची जखम बरीचशी मिटते. कीथ यांनी गोळीचं तोंड चपटं आणि रुंद केलं, मागे धारदार खांदा ठेवला. अशी गोळी कागदाला पंच मारावा तसं स्वच्छ भोक पाडते. शिवाय कडक शिशाची आणि जड, त्यामुळे आत खोलवर जाते.

१९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आलं, त्यामागेही त्यांच्या प्रयोगांचा हातभार होता. पुढे कंपन्यांच्या मागे लागून लागून शेवटी १९५५-५६ मध्ये स्मिथ अँड वेसनची रिव्हॉल्वर आणि रेमिंग्टनचं काडतूस मिळून .४४ मॅग्नम बाजारात उतरलं. म्हणजे जवळपास तीस वर्षांचा पाठपुरावा! मधल्या काळात, दुसऱ्या महायुद्धात, ते युटा राज्यातल्या ऑग्डेन शस्त्रागारात शस्त्रं तपासत होते.

सगळे त्यांच्याशी सहमत होते असं अजिबात नाही. जॅक ओ'कॉनर हे दुसरे नावाजलेले लेखक हलक्या, वेगवान रायफल गोळीच्या बाजूचे. हा वाद अँड्रॉइड-आयफोनसारखा वर्षानुवर्षं चालला. ६०० यार्डांवरच्या जखमी हरणाला .४४ मॅग्नमने टिपल्याचा कीथ यांचा दावाही अनेकांना पटला नाही. १९८४ मध्ये ते वारले.

मग रानडुकराचं काय?

टेक्सासमध्ये शिकारी आजही हँडगनने रानडुकरं मारतात, आणि कीथ यांच्या वळणाच्या गोळ्या त्यासाठी वापरल्या जातात. कारण शरीररचनेत आहे. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते. हृदय आणि फुप्फुसं पुढच्या पायांमागे, बरीच खाली. पटकन फुलणारी हलकी गोळी त्या ढालीतच अडकू शकते. म्हणून आधी खोली बघायची, मग वेग. मोबाइल घेताना नुसते मेगापिक्सेल बघून चालत नाही, तसंच हे.

आता आपल्याकडे. बीडमध्ये रातोरात उसाचा, मक्याचा फडशा पडतो तेव्हा संताप येतोच. परवान्याची .३२ रिव्हॉल्वर कुणाकडे असली की तिनेच उडवू, अशी चर्चा गावात होते. गणित करून बघा. ९८ ग्रेनची .३२ ची गोळी सेकंदाला सुमारे ७०० फुटांनी निघते, ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी १३५० फुटांनी, ऊर्जा तेराशे ज्यूल. जवळपास नऊ पट फरक! वर .३२ ची गोळी बहुतेक वेळा गोल तोंडाची. तिने डुक्कर मरायचं नाही, जखमी होऊन उसात शिरेल. सकाळी तिथे पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला ते फाडून काढेल.

कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय रानडुक्कर मारणं गुन्हा आहे, स्वतःच्या शेतातसुद्धा. पीक खाल्लं तर लगेच फोटो काढा, वनविभागाकडे अर्ज करा, पंचनामा करून घ्या. भरपाई त्यावरच मिळते. कुंपणात वीज सोडू नका, त्यात माणसंही मेली आहेत.

कीथ यांनी तीस वर्षं घालवली ती एवढ्यासाठीच, की जनावर जखमी होऊन तडफडत पळू नये. हातातलं हत्यार त्या कामाचं नसेल, तर ते उचलूच नये.