गाडगेबाबा : अन्नछत्रे उभारली, पण किल्ली घरच्यांच्या हाती दिली नाही

रमजान जवळ आला की आपल्या मोहल्ल्यांत रेशन किटची चर्चा सुरू होते. तांदूळ, पीठ, तूरडाळ, तेल, साखर, खजूर. कोण किती देणार, यादी कोण करणार, वाटप कुठून होणार. आपला भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत बांधीत धान डोलत असते, तरी बाप गेलेल्या घरात किंवा विडी वळून पोट भरणाऱ्या बाईच्या घरात महिनाअखेरीस डबा रिकामा असतोच. म्हणून अशी कामे व्हायलाच हवीत.

काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका गावात मी अशाच एका कमिटीत बसलो होतो. यादी वाचली गेली. तिच्यात कमिटीवाल्यांचे साडू, मेहुणे, भाचे होते आणि मोहल्ल्याच्या टोकाला राहणारी एक बेवा मात्र सुटली होती. कोणी पैसे खाल्ले असे नव्हते. सगळे नमाजी, सगळे भले लोक. पण रजिस्टर नव्हते, पावत्या नव्हत्या, आणि हिशेब विचारला की लोकांना तो अपमान वाटत होता. बैठक संपल्यावर कमिटीतल्या एका निवृत्त मास्तरांनी मला बाजूला घेतले आणि गाडगेबाबांचे चरित्र वाचायला सांगितले. मला वाटले, स्वच्छतेचे काहीतरी असेल. खराटा आणि गाडगे, एवढेच आपल्याला शाळेत शिकवलेले. वाचल्यावर कळले की भुकेल्याच्या अन्नाची राखण कशी करायची, हा त्या माणसाच्या आयुष्यातला फार मोठा धडा आहे.

सावकाराची वही

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. जात परीट, म्हणजे लोकांचे कपडे धुणारी. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि डेबू लहान असतानाच गेले. आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आली. तिथे डेबू गुरे राखू लागला, मोठा झाल्यावर औत हाकू लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही.

मामाचे घर खाऊनपिऊन सुखी होते, पण मामा चंद्रभान सावकाराच्या कर्जात अडकले. किती घेतले आणि किती फेडले हे सावकाराच्या वहीत, आणि ती वही वाचू शकेल असा घरात कोणी नाही. शेवटी जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले. सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण डेबू नांगर सोडून त्याच्यासमोर उभा राहिला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पण खरी जखम आत राहिली. हिशेब दुसऱ्याच्या वहीत असला आणि तो विचारायची सोय नसली की भरलेले घर कसे उपाशी पडते, हे या पोराने डोळ्यांनी पाहिले.

दुसरा घाव जेवणावळींचा. बारसे असो की तेरावे, भाऊबंदांना दारू आणि मटण घातल्याशिवाय इज्जत राहत नाही, ही रीत. त्यासाठी माणूस कर्ज काढायचा आणि मग जन्मभर फेडायचा. डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले, पहिली मुलगी झाली, तेव्हा बारशाला त्यांनी दारू-मटणाला फाटा देऊन गोडाधोडाचे जेवण घातले. लोक नाराज झाले. डेबूजी बधले नाहीत. आपल्याकडच्या दावती आठवा. लग्नात बिर्याणीची डेग किती उतरली यावर खानदानाची इज्जत मोजणारे आणि नंतर दोन वर्षे हप्ते भरणारे लोक आपल्यातही कमी नाहीत.

घर सोडले, भूक सोडली नाही

डेबूजी वयात येत होते तो काळ दुष्काळाचा. १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ वऱ्हाड आणि मध्य प्रांताने पाहिले. आपला भंडाराही तेव्हा मध्य प्रांतातच होता. ज्या मुलखात शेती तलावांवर चालते, तिथे पाऊस हुकला की तलाव आटतो आणि तलाव आटला की धान जाते. मोठ्या शेतकऱ्याला वर्ष कठीण जाते, मजुराला मात्र दुसऱ्याच दिवसापासून उपास.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीची काच, हातात खराटा आणि सोबत एक फुटके मातीचे गाडगे. त्यातच खायचे, त्यातच प्यायचे, ऊन लागले तर तेच डोक्यावर. लोक म्हणून त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

पण हा फकीर फुकट खात नव्हता. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, कोणाची लाकडे फोडायची, कोणाच्या शेतात राबायचे आणि मग भाकर मागायची. मिळालेली भाकर ही कामाची मजुरी होती. कोणी पंचपक्वान्नाचे ताट पुढे केले तरी ते शिळ्या भाकरीवर भागवत. दुसऱ्यांना जेवू घालणारा माणूस स्वतः त्या जेवणावर जगत नाही, हा नियम त्यांनी संस्था काढण्याच्या कितीतरी आधी स्वतःला लावून घेतला होता.

ऋणमोचन ते मुंबई

पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे तीर्थक्षेत्र आहे. यात्रेला लोक येत आणि चिखलात घसरत. बाबांनी तिथे घाट बांधायचे काम काढले. स्वतः टोपल्या उचलल्या, लोक सामील झाले. त्याच ऋणमोचनला त्यांनी अंध, अपंग आणि निराधार लोकांसाठी अन्नदान सुरू केले. यात्रेत देवाच्या नावाने भरपूर दान पडते, पण देवळाबाहेर बसलेला आंधळा उपाशी राहतो, हे त्यांना सहन होत नव्हते. पंगत बसली की आधी हे लोक बसायचे आणि बाबा वाढायला उभे राहायचे.

पुढे हे काम वाढत गेले. पंढरपूरला वारीसाठी येणाऱ्या महार समाजाच्या लोकांना कुठे थारा मिळत नसे. १९१७ साली बाबांनी तिथे चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. जोडीला सदावर्ते म्हणजे कायमची अन्नछत्रे, शाळा, वसतिगृहे. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. गावाहून आलेला माणूस दवाखान्याच्या फुटपाथवर झोपतो आणि पावाच्या तुकड्यावर दिवस काढतो, हे बाबांनी पाहिले होते.

एवढा पैसा आला कुठून? कीर्तनातून. बाबा कीर्तनाला उभे राहिले की हजारो लोक जमत. ते प्रश्न विचारत, लोक उत्तरे देत, हसता हसता रडत. व्यापारी, जमीनदार, गिरणीवाले दान द्यायला पुढे येत. बाबा स्वतः पैशाला हात लावत नसत. ज्या कामासाठी पैसा आला त्या कामाकडे तो जायचा. बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री होते आणि बाबांना फार मानत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशी जिव्हाळ्याचे नाते होते. म्हणजे दौलत, सत्ता, ओळख सगळे दाराशी उभे होते. बाबांच्या अंगावरची गोधडी मात्र तीच राहिली.

घरच्यांना हक्क नाही

आता ज्या गोष्टीसाठी हे चरित्र आपण वाचायला हवे ती गोष्ट. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या कोणाच्या? दुसऱ्या एखाद्या बुवाने मठ काढला असता, मुलाला गादीवर बसवले असते, पुतण्याला कारभारी केले असते. बाबांनी उलटे केले. स्वतः अंगठाबहाद्दर असलेल्या या माणसाने संस्थांची कागदपत्रे रीतसर करून घेतली, विश्वस्त नेमले आणि संस्था लोकांच्या स्वाधीन केल्या. आपल्या कुटुंबातल्या कोणाचाही या मालमत्तेवर हक्क नाही, हे त्यांनी स्पष्ट करून ठेवले. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, म्हणून गादीचा वारस नाही, हेही सांगून ठेवले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. उभारली स्वतः, चालवायला दिली दुसऱ्याला, कारण तिथल्या मुलांच्या शिक्षणाला तिचा उपयोग जास्त होणार होता. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि कामाला कायमची चौकट मिळाली.

याची किंमत घरच्यांनी मोजली. बायको कुंताबाई आणि मुलांच्या वाट्याला कष्टाचेच आयुष्य आले. १९२३ साली मुलगा गोविंद वारला. बाबा तेव्हा कोकणात कीर्तन करत होते. बातमी कळली तरी कीर्तन थांबले नाही. बाप म्हणून हे वाचताना काळजात कालवते. घरच्यांवर त्यांनी फार कठोरपणा केला असे कोणाला वाटले तर त्याला चूक म्हणता येणार नाही. पण नात्यागोत्यासाठी एक दार किलकिले केले की गरिबाच्या वाट्याचे किती वाहून जाते, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्याला ही गोष्ट नवी वाटायचे कारण नाही. हजरत उमर (रजि.) यांना खैबरमध्ये चांगली जमीन मिळाली तेव्हा त्यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांचा सल्ला घेतला आणि ती जमीन वक्फ केली. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. उत्पन्न गरिबांचे, मुसाफिरांचे, गरजूंचे. जो तिची देखभाल करील त्याने रीतीप्रमाणे आपल्यापुरते खावे, पण त्यातून दौलत जमवू नये. मुतवल्लीची मर्यादा इतकी साफ सांगून ठेवलेली आहे. गाडगेबाबा तर त्याच्याही पुढे गेले. रीतीप्रमाणे खायची मुभाही त्यांनी घेतली नाही.

अखेरचा प्रवास

१९५६ च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याला पोलिसांसमोर त्यांचे शेवटचे कीर्तन झाले. त्याचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच बाबांनी प्राण सोडला. मठ नाही, जायदाद नाही, खात्यावर शिल्लक नाही. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाने आहे, राज्याचे ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्या नावाने निघाले.

पण त्यांची खरी निशाणी पाहायची असेल तर मुंबईत दादरला जावे. बाबांच्या पश्चात, १९८४ साली, त्यांच्या नावाने तिथे कॅन्सरच्या रुग्णांसाठी धर्मशाळा सुरू झाली. टाटा हॉस्पिटलला उपचारासाठी देशभरातून येणारे गरीब लोक तिथे राहतात. त्यांत टोपी घातलेले असतात, बुरख्यातल्या बाया असतात, टिळा लावलेले असतात. आपल्या विदर्भातली कितीतरी घरे या वाटेने गेली आहेत. ज्याच्या घरात हा आजार आला, त्याला मुंबईत डोक्यावर छप्पर आणि पुढ्यात ताट म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. बाबांना जाऊन इतकी वर्षे झाली तरी हे चालू आहे, कारण ते एका माणसाच्या किंवा एका घराच्या मालकीचे कधीच नव्हते.

मास्तरांनी मला हे चरित्र वाचायला का सांगितले ते मग उमगले. पुढच्या वर्षी त्या कमिटीत तीन गोष्टी ठरल्या. यादी करणाऱ्याने आपल्या नातलगाचे नाव स्वतः घालायचे नाही, ते दुसऱ्याने तपासून घालायचे. आलेल्या प्रत्येक रुपयाची पावती फाडायची. आणि ईदनंतरच्या पहिल्या जुम्याला हिशेब मस्जिदीत सर्वांसमोर वाचायचा. पहिल्या वर्षी दोघे-तिघे रुसले. हिशेब वाचताना माझाही आवाज थोडा कापत होता, कारण माझ्याच हातून खजुराच्या दोन पेट्यांची नोंद राहून गेली होती. ती सगळ्यांसमोर कबूल करावी लागली. कोणी हसले नाही. त्या वर्षी त्या बेवाचे नाव यादीत पहिले होते, आणि पुढच्या रमजानला न मागता जास्त जकात जमा झाली.